गोरसी, शेगडी आणि जुनी मॅटाडोर

गेल्या दिवाळीनंतर माझ्या भाच्यानं एक जुनी मॅटाडोर विकत घेतली. दुर्गच्या एका गॅरेजमागे ती सात-आठ वर्षं उभी होती. टायर जमिनीत रुतलेले, बंपरवर वेल चढलेला. इंजिन दुरुस्त झाल्यावर त्यानं आतल्या सीट काढल्या आणि गाडीचं घर करायला घेतलं. एका बाजूला फळ्यांचा पलंग, त्याखाली कपाट, खिडक्यांना पडदे आणि मागच्या दाराशी स्वयंपाकाची जागा. डिसेंबरात मैनपाटला जायचं, पठारावर गाडी लावायची आणि पहाटेच्या धुक्यात चहा करायचा, असा त्याचा बेत. पन्नाशी उलटलेल्या माणसाचा हा हट्ट पाहून बायको-मुलं हसत होती. मला मात्र तो आवडला होता.

त्याच्या मोबाइलमध्ये अमेरिकेतल्या १९५० च्या आसपासच्या चंदेरी ट्रेलरचे फोटो होते. मोटारीमागे जोडून न्यायचं, अंड्यासारखं गोल, अॅल्युमिनियमचं घर. आत शेगडी, हीटर, फ्रिज आणि भिंतीवरचा दिवा, सगळं एका गॅसवर. फोटो दाखवून तो म्हणाला, "मामा, एवढं काम तुमच्याकडे. शेगडी बसवून द्या आणि रात्री ऊब राहील असा एक हीटर. दोन्ही एकाच सिलिंडरवर."

मी तीस वर्षांहून जास्त काळ भिलाईच्या पोलाद कारखान्यात गॅसच्या पाइपलाइनींची देखभाल केली. त्यामुळे घरात कुणाचाही गॅस गळाला की निरोप मला येतो. मी शेगडीला हो म्हटलं आणि हीटरला नाही म्हटलं. "का नाही?" असं त्यानं विचारलं तेव्हा तांत्रिक कारणं मी पाच मिनिटांत सांगितली. पण खरं कारण पाच मिनिटांचं नव्हतं. ते आमच्या घरात पन्नासहून अधिक वर्षं कुणी बोललं नव्हतं, आणि त्याचा संबंध त्याच्याशीच होता.

आमचं घराणं भंडाऱ्याचं. भोसल्यांच्या काळापासून नागपूर आणि छत्तीसगढ यांच्यामध्ये माणसांची ये-जा आहे. अठराव्या शतकात बिंबाजी भोसले रतनपूरला बसून हा मुलूख चालवत होते. पुढे मुंबई-हावडा रेल्वेनं ती वाट सोपी केली. भंडारा, गोंदिया, डोंगरगढ, राजनांदगाव, दुर्ग. आमचे बाबा याच वाटेनं आले, पण त्यांना आणलं कारखान्यानं. फेब्रुवारी १९५५ मध्ये भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. वर्षाला दहा लाख टन पोलादाचा तो कारखाना. लोहखनिज दल्ली-राजहऱ्याचं, चुनखडी नंदिनीची, डोलोमाइट हिर्रीचा, कोळसा बराचसा झरियाकडचा. बाबा कोक ओव्हनवर लागले.

कोक ओव्हन म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सांगायचं तर स्वयंपाकघराची भाषाच कामी येते. उंच, अरुंद, बंद भट्ट्यांची रांग. त्यांत दळलेला कोळसा भरायचा आणि हवा लागू न देता हजार अंशांच्या वर सोळा-अठरा तास भाजायचा. कोळसा जळत नाही, कारण हवा नाही. त्यातलं उडून जाणारं सगळं उडून जातं आणि मागे राहतो तो कोक. उडून जातं त्यात डांबर असतं, अमोनिया असतो, बेंझॉल असतं आणि गॅस असतो. तो गॅस धुऊन, थंड करून पुन्हा भट्ट्या तापवायला आणि रोलिंग मिलना पाठवतात. त्यात निम्म्याहून जास्त हायड्रोजन, पाव भाग मिथेन आणि सहा-आठ टक्के कार्बन मोनॉक्साइड. झोतभट्टीतून निघणारा गॅस वेगळा. त्याला आच कमी, पण त्यात कार्बन मोनॉक्साइड वीस टक्क्यांच्या पुढे. या वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीनं चिकटतो. माणसाला गुदमरल्यासारखं वाटत नाही. डोकं दुखतं, मळमळतं, पाय लटके पडतात आणि झोप येते.

कारखान्याच्या गावात हे ज्ञान पुस्तकातून येत नाही. १२ जून २०१४ रोजी भिलाईत पंप हाउसच्या भागात झोतभट्टीचा गॅस पसरला आणि सहा जण गेले. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोक ओव्हन गॅसच्या पाइपलाइनवर काम चालू असताना आग लागली, त्यात दहाहून अधिक माणसं गेली. सेक्टरमधल्या प्रत्येक घराला त्या दोन तारखा आठवतात. पहिल्या दुर्घटनेत लोकांना वायूनं झोपवलं, दुसरीत जाळलं. गॅसचे हे दोन्ही स्वभाव भिलाईला ठाऊक आहेत.

गंमत अशी, की एवढा गॅस आमच्या गावात दिवसरात्र वाहत होता, पण त्यातला एक फुगाभरसुद्धा कधी आमच्या स्वयंपाकघरात आला नाही. दुर्गापूरच्या कोक ओव्हनचा गॅस नळानं कोलकात्यापर्यंत गेला. आमची आई मात्र कोळशाच्या शेगडीवर स्वयंपाक करायची. संध्याकाळी पाचच्या सुमारास क्वार्टरच्या अंगणात शेगडी पेटायची, आणि धूर ओसरून निखारा लाल झाला की दांडीला धरून ती आत यायची. सेक्टरच्या प्रत्येक अंगणात हाच कार्यक्रम. एका ओळीत मराठी, तेलुगू, बंगाली, मल्याळी, पंजाबी अशी घरं, पण पाच वाजताचा धूर एकच. आमच्याकडे भंडाऱ्याहून आणलेला पितळी गंज आणि आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब होता. म्हणजे रांधायला शेगडी आणि पाण्याला बंब. शेकायला मात्र आमच्याकडे वेगळं काही नव्हतं. ते आम्ही छत्तीसगढकडून घेतलं. त्याचं नाव गोरसी.

गोरसी म्हणजे मातीचं खोल, रुंद तोंडाचं भांडं. त्यात धानाचा कोंडा आणि गोवऱ्यांचे तुकडे भरून वर विस्तव ठेवायचा. कोंडा भडकत नाही, आतल्या आत धुमसतो आणि रात्रभर ऊब देतो. पौषातल्या थंडीत गावोगावी म्हातारी माणसं गोरसीभोवती बसलेली दिसतात. बाळंतिणीच्या खोलीतही ती असते. आमच्या विदर्भात बाळंतिणीच्या बाजेखाली विस्तवाची शेगडी ठेवून शेक देतात, वर ओवा-शेपांची धुरी. पद्धती दोन, समजूत एक: ओल्या बाळंतिणीला वारा लागता कामा नये.

या दोन समजुतींमध्ये सापडलेली एक रात्र मला भाच्याला सांगायची होती. पण त्याआधी बाटलीतल्या गॅसचा इतिहास सांगतो, कारण त्यालाही मी आधी तोच सांगितला. अवघड गोष्टीपर्यंत पोचायला माणूस सोपी वाट धरतो.

१९१० साली अमेरिकेत वॉल्टर स्नेलिंग नावाच्या रसायनशास्त्रज्ञापुढे एक तक्रार आली. विकत घेतलेलं पेट्रोल घरी नेईपर्यंत कमी होतं, उडून जातं. स्नेलिंगनं उडणारी वाफ पकडून पाहिली. तिच्यात प्रोपेन आणि ब्युटेन हे वायू निघाले. थोड्या दाबाखाली ते पाण्यासारखे द्रव होतात आणि दाब काढला की पुन्हा वायू. १९१३ मध्ये त्याला पेटंट मिळालं. तोवर गॅस म्हणजे नळ आणि नळ म्हणजे शहर, असं समीकरण होतं. आपल्याकडे मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ मध्ये गॅसचे दिवे लागले, ते कोळशापासून काढलेल्या गॅसवर. लालबागच्या एका भागाला अजून गॅस कंपनीचं नाव चिकटलेलं आहे. जिथवर नळ तिथवर गॅस. द्रवरूप गॅसनं ते समीकरण मोडलं. आता गॅस भांड्यात भरून कुठेही नेता येत होता. शेतावर, बेटावर, आणि चाकांवरही.

ब्राझीलमध्ये हा गॅस स्वयंपाकघरात शिरला तो आकाशातून. जर्मनीची प्रवासी हवाई जहाजं दक्षिण अमेरिकेला जात, त्यांच्यासाठी तिथे प्रोपेन साठवलेला होता. ६ मे १९३७ रोजी हिंडेनबर्ग हे हवाई जहाज अमेरिकेत उतरताना जळालं आणि ती सेवाच बंद पडली. बिनकामाचा झालेला तो प्रोपेन एर्नेस्टो इगेल या उद्योजकानं विकत घेतला आणि स्वयंपाकासाठी घरोघर पुरवायला सुरुवात केली. त्यातून तिथली पहिली गॅस कंपनी उभी राहिली. एका आगीनं जे इंधन पडून राहिलं, ते हजारो चुलींना लागलं.

अमेरिकेतल्या फिरत्या घरांचा जमानाही साधारण तेव्हाचा. वॉली बायम यानं १९३६ मध्ये आपला अॅल्युमिनियमचा ‘क्लिपर’ ट्रेलर बाजारात आणला. पुढे प्रोपेनच्या टाक्या अशा ट्रेलरांच्या नेमानं सोबतीला आल्या. त्यांची रचना पाहिली की कारागिरांनी काय ओळखलं होतं ते कळतं. टाकी घराच्या आत नसते. मोटारीला जोडायच्या दांड्यावर, उघड्यावर असते. हीटरचा धूर आणि त्याला लागणारी हवा यांची वाट घराबाहेरून काढलेली असते. फ्रिजसुद्धा गॅसवर चाले. जाळानं गारवा तयार करण्याची ही युक्ती १९२२ साली स्वीडनमधल्या फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी शोधली होती. आपण फोटोत पडदे आणि चंदेरी पत्रा पाहतो. त्या घराचा खरा शहाणपणा त्याच्या भोकांत आहे.

भारतात हा गॅस आला तो मुंबईच्या तुर्भ्याच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांबरोबर. १९५५ च्या सुमारास बर्मा शेल कंपनीचा ‘बरशेन’ मुंबईत मिळू लागला. पुढे कोलकात्यात २२ ऑक्टोबर १९६५ रोजी ‘इंडेन’ची पहिली जोडणी झाली. १९७० च्या दशकात परदेशी तेल कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि गॅसच्या जोडणीसाठी नंबर लावण्याचा काळ सुरू झाला. नंबर लागायला वर्षं जात. खासदारांच्या वाट्याला जोडण्यांची कुपनं असत आणि ती मिळवण्यासाठी लोक ओळखी काढत. आमच्याकडे सिलिंडर आला १९८३ मध्ये.

तो दिवस मला स्वच्छ आठवतो. मेकॅनिकनं विचारलं, "ओटा कुठे आहे?" आमच्याकडे ओटा नव्हता. आई पाटावर बसून रांधायची. शेगडी जमिनीवर मांडायची म्हटल्यावर तो ऐकेना. हा गॅस हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड. गळाला तर वर उडून जात नाही, जमिनीवर पाण्यासारखा पसरतो आणि खड्ड्यात साचतो. जाळ जमिनीलगत असेल तर तो गॅस थेट त्याच्या तोंडी जातो. म्हणून शेगडी नेहमी सिलिंडरच्या वर. आम्ही विटांवर शहाबादी फरशी टाकून ओटा केला, आणि आई वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी उभ्यानं पोळ्या लाटायला शिकली. महाराष्ट्रातल्या किती बायका गॅसमुळे बसत्याच्या उभ्या झाल्या असतील! आपण याला आधुनिकता म्हणतो. निदान आमच्या घरी तरी तिच्या मुळाशी एका वायूचं वजन होतं. आजीनं मात्र शेवटपर्यंत नैवेद्याचा स्वयंपाक कोळशावरच केला. शब्द पाहा कसे चिवट असतात: कोळसा गेला, पण ‘शेगडी’ राहिली. आजही दुकानात आपण गॅसची शेगडीच मागतो.

फिरत्या घरातली चूल आपल्याला नवी नाही. बैलगाडीखाली टांगलेला कंदील आणि मुक्कामाला तीन दगडांची चूल, हे आपलं जुनं कॅरॅव्हॅनच. आषाढी वारीत दिंडीबरोबर चालणारे ट्रक पाहा. पातेली, पिठाची पोती, तंबूचे बांबू आणि आता गॅसचे सिलिंडर. तिथला एक नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, पण बहुतेक पाळला जातो: स्वयंपाक गाडीत नाही, गाडीबाहेर. तो नियम मोडला की काय होतं हे २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराईत दिसलं. लखनौहून आलेला यात्रेकरूंचा रेल्वेचा डबा स्टेशनजवळ उभा होता. नियमाविरुद्ध आत सिलिंडर आणलेला होता, पहाटे चहा करायला घेतला आणि डबा पेटला. नऊ माणसं गेली. सगळ्यांना फक्त चहा हवा होता.

म्हणून मॅटाडोरचं काम मी हिशेबापासून सुरू केलं. भाच्याला वही घेऊन बसवलं. गाडीच्या आतली मोकळी जागा साधारण ८ घनमीटर. या गॅसचं हवेतलं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेलं की ठिणगी पुरते. ८ घनमीटरचे दोन टक्के म्हणजे ०.१६ घनमीटर, वजनात साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. घरातल्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. म्हणजे एक सिलिंडर ही गाडी चाळीस वेळा पेटवू शकतो. आणि गॅस तळाशी साचतो, त्यामुळे प्रत्यक्षात याहून कमी गॅसही पुरेल. भाचा बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिला.

त्याला मोठा सिलिंडर पलंगाखाली आडवा ठेवायचा होता. मी सांगितलं, सिलिंडर आडवा केला की वायूऐवजी द्रव बाहेर येतो. एक भाग द्रवाचा वायू होतो तेव्हा तो अडीचशे पटींच्या घरात फुगतो, आणि रेग्युलेटर त्याच्यासाठी केलेला नसतो. तेव्हा पाच किलोचा छोटा सिलिंडर घ्यायचा, उभाच ठेवायचा. त्याच्यासाठी मागच्या कोपऱ्यात पत्र्याची पेटी केली. पेटीचं दार फक्त गाडीबाहेरून उघडतं, आतल्या बाजूचा प्रत्येक सांधा बुजवलेला, आणि तळाला हाताच्या पंजाएवढं भोक, थेट रस्त्याकडे. गळालाच तर गॅस खाली, बाहेर जाईल. पेटीपासून शेगडीपर्यंत तांब्याची नळी. पत्र्यातून जाते तिथे रबराची कडी, नाहीतर हादऱ्यांनी पत्रा नळी कापतो. हादरे जिरावेत म्हणून नळीला एक वेटोळं दिलं. रबरी नळी फक्त शेवटच्या हातभर जागेत, तीही तारखेची. पाच वर्षांनी बदलायची. ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद करणारी शेगडी त्यानं रायपूरहून आणली. सगळे सांधे साबणाच्या पाण्यानं तपासले. काडी ओढून गळती शोधणारे महाभाग मी कारखान्याबाहेर पुष्कळ पाहिले आहेत.

गाडीत असे बदल करायला परिवहन कार्यालयाची मंजुरी लागते, त्या कागदांना कामाहून जास्त दिवस लागले. ते बरंच झालं. डिसेंबर संपत आला आणि हीटरचा विषय पुन्हा निघाला. त्यानं एक छोटा गॅस हीटर पाहून ठेवला होता, लाल जाळीचा, धूर बाहेर नेणारी नळी नसलेला.

पुन्हा वही काढली. दोन किलोवॅटचा हीटर आठ तासांत सव्वा किलोच्या आसपास गॅस जाळतो. एक किलो गॅस नीट जळायला बारा घनमीटर हवा लागते. म्हणजे रात्रीला पंधरा घनमीटर, आणि गाडीत आहेत आठ. हवा संपेपर्यंत वाट पाहावी लागत नाही. ऑक्सिजन थोडा उतरला की ज्योत अर्धवट जळू लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरमधल्या गॅसमध्ये हे विष मुळीच नसतं. ते बंद खोलीत, आपल्या देखत तयार होतं. गॅसला वास यावा म्हणून त्यात मर्कॅप्टन घालतात, पण तो वास गळणाऱ्या गॅसचा. जळालेल्या गॅसला वास नाही. शिवाय तेवढ्या गॅसातून दोन लिटर पाणी वाफ होऊन भिंतींवर जमेल, ते वेगळंच. आणि मैनपाटच्या थंडीत ब्युटेन नीट उकळतही नाही. तो शून्य अंशाच्या आसपास वायू होतो, प्रोपेन उणे ४२ ला. अमेरिकेतले ट्रेलर प्रोपेनवर चालतात. आपल्या सिलिंडरात ब्युटेनही पुष्कळ असतो. म्हणजे पहाटे, नेमक्या थंडीत, ज्योत बारीक होणार.

"मामा, खिडकी थोडी उघडी ठेवीन ना," तो म्हणाला.

"थंडीत कुणी ठेवत नाही," मी म्हणालो. "तुझ्या आजीनंही नव्हती ठेवली."

मग मी सांगितलं. जानेवारी १९७०. ताई पहिल्या बाळंतपणाला घरी आली होती आणि बाळ अकरा दिवसांचं होतं. थंडी अशी होती की नळाचं पाणी हाताला चावायचं. बाजेखालची शेगडी लवकर विझते म्हणून शेजारच्या मावशींनी आपली गोरसी दिली. आजीनं ती कोंड्यानं भरली, बाजेखाली सारली, खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या आणि दाराच्या तळाशी घोंगडी लावली. वारा लागू नये म्हणून. मी तेव्हा शाळेत जायचो. बाहेरच्या खोलीत झोपलो होतो.

बाबा रात्रपाळी करून पहाटे आले. आजी म्हणाली, दोघं गाढ झोपली आहेत, बाळ रात्रभर रडलंसुद्धा नाही. बाबांनी सायकल भिंतीला न टेकवता तशीच सोडून दिली. तिच्या पडण्याच्या आवाजानं मी उठलो. दार ढकलून ते आत गेले आणि बाळाला दुपट्यासकट उचलून अंगणात आणून माझ्या हातात दिलं. मग ताईला ओढत आणलं. ती उभी राहू शकत नव्हती, ओकत होती. आजी ओरडत होती, वारा लागेल, वारा लागेल. बाबांनी आयुष्यात एकदाच आपल्या आईवर आवाज चढवला असेल. "वाराच लागू दे तिला!"

माझ्या हातातलं बाळ कापडासारखं मऊ पडलं होतं. ते केव्हा रडलं ते मला सांगता येणार नाही. दवाखान्यात दोघांना ऑक्सिजन लावला. दोघं वाचली. बाबांनी कोक ओव्हनवर हेच शिकलं होतं, की गॅसच्या जागी पडलेला माणूस झोपल्यासारखा दिसतो. दुसऱ्या कुठल्या कामावर असते तर "झोपू दे" म्हणून तेही चहा प्यायला बसले असते.

आजीनं कुणाचं काही बिघडवायचं म्हणून केलं नव्हतं. तिच्या आईनं, सासूनं हेच केलं होतं. पण त्यांची घरं कुडाची होती, छपराखालून वारा खेळायचा. गोरसीही तशाच घरांसाठी होती. आमचं क्वार्टर विटा-सिमेंटचं, फटी बुजवता येणारं. चूक म्हणायचीच तर जुना विस्तव नव्या भिंतींत ठेवल्याची होती. मला वाटतं, विस्तवाच्या इतिहासातल्या पुष्कळ दुर्घटना अशाच आहेत. जाळ ओळखीचा असतो, भोवतालची खोली बदललेली असते.

आजीनं पुढे कधी तो विषय काढू दिला नाही. मावशींनी गोरसी परत घेतली नाही. ती अंगणात पडून राहिली आणि आजीनं तिच्यात तुळस लावली. ताईनंही मुलाला सांगितलं नाही. कदाचित आजीची लाज राखायला.

भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं विचारलं, "म्हणजे ते बाळ मी?" मी हो म्हटलं. त्यानं हीटरचं चित्र असलेलं पान वहीतून फाडलं नाही की काही नाही. नुसती वही मिटली. संध्याकाळी तो आईकडे जाऊन आला. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

आम्ही गाडीला दोन झरोके पाडले, एक जमिनीलगत आणि एक छताजवळ, दोन्हींना जाळी आणि दोन्हींना झाकण नाही. थंडीत माणूस झाकण लावतो, म्हणून झाकणच नको. उशाशी कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारं बॅटरीवरचं छोटं यंत्र बसवलं. शेगडीवर पाणी तापवून रबरी पिशव्या भरायच्या, शेगडी बंद करायची, पेटीतला रेग्युलेटर बंद करायचा आणि मगच झोपायचं. ताईनं आपल्या जुन्या नऊवारी लुगड्यांची गोधडी दिली.

जानेवारीत तो मैनपाटला जाऊन आला. परत आल्यावर मी पहिला प्रश्न विचारला, "रात्री थंडी वाजली का?"

"खूप वाजली, मामा. झोपच नाही नीट आली."

मी म्हटलं, छान झालं.